खोली, पास आणि दुसरी नोकरी

केंद्र सरकारच्या हिशेबात मुंबई आणि अहमदाबाद सारखीच महाग आहेत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी देशातल्या शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग केलेले आहेत. लोकसंख्या पन्नास लाखांच्या वर असेल तर एक्स. त्यात आठ शहरं बसतात: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, पुणे आणि अहमदाबाद. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७मध्ये या वर्गाचा भत्ता मूळ वेतनाच्या २४ टक्के ठरला आणि महागाई भत्ता वाढत गेला तसा २०२४पासून तो ३० टक्क्यांवर गेला. म्हणजे अहमदाबादेत मणिनगरला राहणारा कारकून आणि मुंबईत मुलुंडला राहणारा कारकून, दोघांच्या हातात भाड्यापोटी पडते ती रक्कम एकच. प्राप्तिकर खात्याचं शहाणपण आणखी वेगळं. भाड्यावरच्या करसवलतीसाठी त्यांच्या लेखी वर्षानुवर्षं महानगरं चारच होती: मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. बंगळुरूचा भाडेकरू कितीही पिचलेला असो, त्याला ४० टक्क्यांचा निकष होता आणि कोलकात्याच्या भाडेकरूला ५० टक्क्यांचा.

वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येणाऱ्या याद्या तर भलत्याच माणसांसाठी असतात. मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०२४च्या यादीत मुंबई जगात १३६व्या, हैदराबाद २०२व्या, पुणे २०५व्या आणि कोलकाता २०७व्या क्रमांकावर होतं. ही यादी परदेशी बदलीवर पाठवलेल्या अधिकाऱ्यांसाठी केलेली असते आणि तुलना न्यूयॉर्कशी असते. नाईट फ्रँकच्या परवडण्याच्या निर्देशांकात अहमदाबाद सर्वांत स्वस्त ठरतं, पुणे त्याच्या मागोमाग येतं आणि मुंबईत कुटुंबाचं जवळजवळ अर्धं उत्पन्न हप्त्यात जातं, असं दिसतं. पण तो निर्देशांक गृहकर्जाच्या हप्त्याचा आहे. नुकतीच पदवी हातात पडलेल्या, नांदेडहून किंवा इस्लामपुराहून निघालेल्या मुलीला फ्लॅट घ्यायचा नाही. तिला एक खाट हवी आहे, दोन वेळचं जेवण हवं आहे आणि ऑफिसला वेळेवर पोचायचं आहे. तिच्यासाठी कुठलं शहर स्वस्त, हे यांतली कुठलीच यादी सांगत नाही.

आधी पगाराचं बघू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. कॅम्पसमधून ‘तीन साठ’चं पॅकेज मिळालं, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार, असं घरी सांगितलं जातं आणि आईवडील तीस हजार धरून बसतात. मूळ वेतन १५ हजार धरा. त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. हे पॅकेजमध्येच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये. तेही त्यातच, आणि ते नोकरी पुरेशी वर्षं टिकली तरच हाती लागायचे. मग मुलीच्या स्वतःच्या वाट्याचा निधी पुन्हा १,८००. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. राहिले साडेपंचवीस हजार. दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल, आणि बहुतेक ठिकाणी काही ना काही असतंच, तर आणखी तीन हजार वजा. म्हणजे हातात येतात साडेबावीस.

एक दिलासा मात्र आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षापासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत प्राप्तिकर भरावा लागत नाही. त्यामुळे ‘भाड्याच्या पावत्या जपून ठेव, कर वाचेल’ हा काकालोकांचा सल्ला नव्या नोकरदाराला आता निरुपयोगी झाला आहे. पावत्या जपाव्यात, पण डिपॉझिट परत मागताना लागतात म्हणून.

डिपॉझिट हा खरा उंबरठा आहे. दरमहा भाडं किती, हे सगळे विचारतात. आत शिरायला किती लागतात, हे फार थोडे विचारतात. तीस हजार भाड्याचा वन बीएचके तिघांनी मिळून घ्यायचा ठरवला. मुंबईच्या पट्ट्यात तीन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे नव्वद हजार, एजंटची दलाली एका महिन्याची म्हणजे तीस, पहिलं भाडं तीस. दीड लाख, माणशी पन्नास हजार, आणि अजून गादी, शेगडी, बादली यायची आहे. पहिला पगार तर महिना भरल्याशिवाय दिसत नाही. महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालं, तर पुष्कळ कंपन्यांत तो पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो. बंगळुरूत दहा महिन्यांचं डिपॉझिट हा दीर्घकाळ रिवाज होता. आता बरेच मालक पाच-सहा महिन्यांवर उतरले आहेत. पण घर सोडताना ‘पेंटिंग’च्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची पद्धत तिथे टिकून आहे. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात निवासी घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये, असं म्हटलं आहे. पण भाडेकरूंचे कायदे राज्यांच्या हातात. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय मालकाला त्याचं काही नाही.

म्हणून पहिले सहा महिने तरी पीजी किंवा कॉट बेसिस, हे माझं स्पष्ट मत आहे. भाडं खाटेमागे थोडं जास्त पडेल, पण डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं आणि दलाली बहुधा नाही. वसतिगृहावरच्या जीएसटीचा बागुलबुवाही आता उरलेला नाही: महिन्याला वीस हजारांपर्यंत भाडं आणि सलग नव्वद दिवसांचा मुक्काम असेल, तर २०२४पासून तो लागत नाही.

मुंबईच्या बाबतीत एक कोडं आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने हा आकडा मुद्दाम पुढे मांडला. ज्या शहरात खाटेसाठी मारामारी, तिथे एवढी घरं कुलपात का? याचं एक मूळ १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्याने जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता: युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात माणसं लोटत होती. पण भाडं गोठलं ते पुढे पन्नास वर्षं गोठलेलंच राहिलं. मालकांनी इमारती दुरुस्त करणं सोडलं, पागडीचा व्यवहार रुजला आणि नव्या घरांच्या मालकांच्या मनात भीती बसली, की भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची वाट नीट केली, पण घराच्या किमतीच्या मानाने भाड्याचं उत्पन्न दोन-तीन टक्के, आणि वर वादाची धास्ती. मालक म्हणतो, कुलूपच बरं. त्यात शहराच्या तीन बाजूंना पाणी, मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभर चौरस किलोमीटरचं जंगल आणि १९६०च्या दशकापासून चटई क्षेत्रावर घातलेली घट्ट मर्यादा. हैदराबादने नेमकं उलट केलं. २००६च्या बांधकाम नियमांत तिथे चटई क्षेत्राची सरसकट मर्यादाच काढून टाकली. रस्ता किती रुंद आणि भोवती मोकळी जागा किती, यावर उंची ठरू लागली. गच्चीबावलीच्या उंच इमारती आणि माधापूरच्या गल्लीगल्लीतली पीजी वसतिगृहं हा त्याच मोकळीकीचा परिणाम. पाणी आणि सांडपाण्याचं काय होणार, हा प्रश्न तिथेही आहे, पण खाट मिळते.

मुंबईत येणाऱ्या आधीच्या पिढ्यांनी ही अडचण पैशाने सोडवली नव्हती. कोकणातल्या गावांनी परळ-लालबागच्या चाळींत ग्रामस्थ मंडळांच्या नावाने खोल्या घेतल्या. गावचा पोरगा आला की तिथे ट्रंक ठेवायची, पाळीनुसार जमिनीवर झोपायचं. गोव्याच्या गावांचे धोबी तलाव, माझगाव भागातले कूड याच जातीचे. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या गोवेकरांसाठी गावच्या मंडळींनी चालवलेल्या या खोल्या, प्रत्येकाची एक पेटी, संध्याकाळी रोझरी आणि नाममात्र वर्गणी. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत असे काही क्लब अजून आहेत. जेवणाचा प्रश्न गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी सोडवला होता. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज पदवीधराला हे जुनाट वाटेल. पण भाड्याच्या घराची जाहिरात पाहण्याआधी आपल्या कॉलेजच्या, तालुक्याच्या, जातीच्या नव्हे तर ओळखीच्या, दोन वर्षं पुढे असलेल्या कुणाची खोली त्या शहरात आहे का, हे विचारणं अजूनही सगळ्यात किफायतशीर आहे. एक जागा रिकामी होते, डिपॉझिट नवा मुलगा सोडून जाणाऱ्याला देतो, एजंट मध्ये येतच नाही.

उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भाडं देऊ नये, असं एक सूत्र सगळीकडे फिरतं. ते आलं कुठून? अमेरिकेत १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांनी सरकारी घरांतल्या गरीब भाडेकरूंसाठी भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. १९८१मध्ये ती ३० टक्क्यांवर नेली. म्हणजे हा गरिबांकडून सरकारने किती घ्यावं याचा नियम आहे, आणि तो दुनियाभरच्या पगारदारांना लावला जातो. त्यात मोठी चूक अशी की प्रवास मोजलेला नाही. शिकागोच्या एका संस्थेने पुढे घर आणि प्रवास मिळून ४५ टक्के असा हिशेब मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे तो जास्त लागू पडतो, कारण आपल्या शहरांत स्वस्त खोली आणि लांबचा प्रवास एकत्रच येतात.

आणि इथे मुंबई अचानक स्वस्त होते. लोकलचं कमीत कमी तिकीट पाच रुपये. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या हिशेबाने मिळतो, आणि महिन्याला फेऱ्या होतात पन्नासेक. २०१४च्या जूनमध्ये रेल्वेने हा हिशेब तीस तिकिटांवर न्यायचा प्रयत्न केला तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार ही गावं त्या पासावर उभी आहेत. उपनगरी रेल्वे नसलेल्या भारतीय शहरांत पन्नास किलोमीटरवरून रोज कामाला येणं काही शे रुपयांत महिनाभर जमत नाही. पण या पासाची किंमत नुसती रुपयांत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात. रूळ ओलांडताना, गर्दीतून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेले प्रवासी पडले, काहींचे जीव गेले. सकाळी सव्वाआठच्या फास्टला कल्याणहून आत शिरता येईल का, हे खोली पाहायला रविवारी गेलेल्या माणसाला कळत नाही. खोली सोमवारी सकाळी पाहावी.

मुंबईत जायचं म्हणजे अंधेरीलाच राहायचं, असंही नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी असेल तर घणसोली, रबाळे, कोपरखैरणेच्या गावठाणांतल्या इमारतींत खोल्या त्यामानाने स्वस्त मिळतात आणि ठाणे-वाशी लोकलवर ऑफिस दोन-तीन स्टेशनांवर येतं. त्या इमारतींपैकी अनेकांची कागदपत्रं कच्ची असतात, करार करायला मालक टाळाटाळ करतो, पाणी ठरावीक वेळेलाच येतं. तरीही पहिल्या वर्षासाठी हा सौदा वाईट नाही.

पुण्याचं नेमकं मुंबईच्या उलट आहे. खोली मिळते. पेठांतली कॉट बेसिसची परंपरा जुनी. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये एका खोलीत चार-पाच खाटा, खाली मेस, कोपऱ्यावर अभ्यासिका. भाषा आपली, गावाकडची एसटी किंवा ट्रॅव्हल्स सुटीच्या आदल्या रात्री स्वारगेटवरून किंवा वाकडेवाडीवरून मिळते, डब्यात भाजी ओळखीची. एवढं असून पुण्यात पैसा कुठे झिरपतो? रस्त्यावर. टॉमटॉमच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात दहा किलोमीटर जायला लागणाऱ्या वेळेत पुणे जगात चौथं संथ शहर ठरलं: तेहतीस मिनिटांहून जास्त. कोलकाता दुसरं, बंगळुरू तिसरं. त्याच यादीत मुंबईला तीस मिनिटांपेक्षा कमी लागतात. पुण्यात मेट्रो २०२२च्या मार्चमध्ये सुरू झाली, पण हिंजवडीला नोकरी असणाऱ्याचं तिने बरीच वर्षं काही भलं केलं नाही. शिवाजीनगर ते हिंजवडी मार्ग रखडतच राहिला. पीएमपीचं किमान तिकीट जून २०२५पासून दहा रुपये झालं आणि बस कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पहिल्या पगारावर दुचाकीचा हप्ता सुरू होतो. हप्ता, पेट्रोल, विमा, पावसाळ्यातलं पंक्चर. खोलीत वाचवलेले दोन-तीन हजार तिथे जातात. म्हणून पुण्याचा हिशेब मांडताना खोलीच्या भाड्यात दुचाकी धरावीच लागते. अपवाद एकच: ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माणमध्ये, वाकडला किंवा खराडीत राहणं. मग पेठा, तुळशीबाग, नाटकं हे सगळं सुटीच्या दिवशीचं पुणं होतं आणि आठवडाभर तुम्ही एका आयटी कॉलनीत राहता. बऱ्याच जणांना हे सांगितलेलं नसतं.

मराठवाड्यातल्या मुलांनी हैदराबादचा विचार पुण्याच्या आधी करावा, असं मी म्हणेन, आणि हे ऐकून लातूर-नांदेडकडच्या कुणाला नवल वाटत नाही. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली येतो. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत, पुणे साडेचारशेच्या आसपास. काचीगुडा, सुलतान बाजार भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं आहेत. दख्खनी हिंदी कानाला चार दिवसांत सरावते. सायबर टॉवर्सची इमारत १९९८ला सुरू झाली तेव्हापासून माधापूर, गच्चीबावली, नानकरामगुडा असा आयटीचा सगळा पसारा शहराच्या पश्चिमेच्या एकाच अंगाला वाढला. अमीरपेटमध्ये कोर्स करणाऱ्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या वसतिगृहांनी भाड्याचा एक तळ धरून ठेवला आहे. सकाळचं टिफिन आणि दोन वेळचं जेवण धरून खाट मिळते. जेवणात भातावर भात, पोळीची आठवण येते खरी. मेट्रो नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाली. तिचं भाडं मात्र २०२५मध्ये वाढलं आणि ती रायदुर्गला थांबते, त्यापुढचं ऑफिस असेल तर शेअर ऑटो.

मुलींनी बसचं एक बारकं बघावं. कर्नाटकात जून २०२३पासून आणि तेलंगणात डिसेंबर २०२३पासून सरकारी साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो त्या राज्यातल्या रहिवासी महिलांना. आधार कार्डावर परभणीचा पत्ता असेल तर कंडक्टर तिकीट फाडतो. तमिळनाडूत शहरातल्या साध्या बसला असा भेद नाही. महाराष्ट्रात अर्धं तिकीट आहे ते एसटीला, पीएमपीला किंवा बेस्टला नाही. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्र सरकारी योजनेबद्दल तर फार कमी मुलींना माहीत असतं. त्या योजनेच्या नियमांप्रमाणे भाडं पगाराच्या प्रमाणात ठरतं: एकटीच्या खोलीला फार तर १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, डॉर्मिटरीत साडेसात. जागा मोजक्या, प्रतीक्षा लांब, रात्री परतण्याच्या वेळेचे नियम कडक. पण बावीस हजारांच्या पगारात दोन हजारांची खोली हे दुसरीकडे कुठे घडत नाही. अर्ज शहर ठरताच करावा.

आतापर्यंत मी असं लिहीत आलो की पैसे असतील तर खोली मिळते. ते सगळ्यांसाठी खरं नाही. फोनवर ठरलेलं भाडं आडनाव सांगितल्यावर ‘आत्ताच गेली हो जागा’ होतं, ‘तुम्ही खाता का’ हा प्रश्न मधे येतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याचा अभ्यास करून २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो छापला: एकाच घरासाठी वेगवेगळ्या आडनावांनी विचारणा केली, तर दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार किंवा वाढीव अटी मिळतात. १९१७मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना कुणी खोली दिली नाही. नाव बदलून ते एका पारशी सराईत राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. तो दिवस त्यांनी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पगार होता, पद होतं, शहर स्वस्त होतं. मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत त्यांना जागा होती. मोठ्या, गर्दीच्या, महागड्या शहराकडे लोक का जातात याचं एक उत्तर यात आहे, आणि भाड्याच्या तक्त्यात ते येत नाही.

दुसरं उत्तर नोकरीचं. अ‍ॅलन बर्टो हे नगररचनाकार, ज्यांनी जागतिक बँकेत असताना मुंबईचाही अभ्यास केला, त्यांच्या २०१८च्या पुस्तकाचा गाभा असा की शहर म्हणजे मुळात श्रमाचा बाजार. तासाभरात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं, यावर शहराची ताकद ठरते. पदवीधराच्या भाषेत सांगायचं तर पहिली नोकरी कॉलेज देतं, दुसरी शहर देतं. पहिली दीड-दोन वर्षांत सुटते. कधी आपण सोडतो, कधी ‘बेंच’वर बसवून ते सोडायला लावतात. तेव्हा खोली न बदलता, डिपॉझिट न मोडता दुसरी नोकरी मिळाली तर शहर स्वस्त.

या कसोटीवर चित्र पालटतं. ठाण्याला राहणारा बीकॉम झालेला मुलगा लोअर परळ, बीकेसी, अंधेरी, पवई, ऐरोली, वाशी यांतल्या कुठल्याही ऑफिसला त्याच खोलीतून जाऊ शकतो. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार आणि त्यांच्याभोवतीचं सारं हिशेबाचं काम मुंबईत, त्यामुळे वाणिज्य शाखेच्या मुलाला मुंबईचं भाडं परवडतं, इंजिनिअरला तेच परवडत नाही. पुण्यात हिंजवडी पश्चिमेला, खराडी पूर्वेला. नोकरी बदलली की खोली बदलणं जवळजवळ अटळ. हैदराबादेत आयटीवाल्याने कंपनी तीनदा बदलली तरी वसतिगृह तेच राहू शकतं, पण औषधनिर्मितीवाल्याला जिनोम व्हॅली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मेकॅनिकलचा पदविकाधारक असेल तर चाकण, भोसरी, रांजणगाव हा पट्टा आणि खाली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर-ओरगडम. त्याने बंगळुरूच्या भाड्याची चौकशीच करू नये. बंगळुरू पगारात पुढे आहे, चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर तिथे जाणं शहाणपणाचं. नवख्या पगारावर तिथलं डिपॉझिट आणि २०२५मध्ये नव्वद रुपयांपर्यंत चढलेलं मेट्रोचं तिकीट दोन्ही अंगावर येतात. नागपूर राहायला उत्तम, मेट्रो आहे, हवेशीर घरं आहेत, मिहानमध्ये काही कंपन्याही आल्या. पण तिथे नोकरी सुटली की पुढची पुण्यात किंवा हैदराबादेतच शोधावी लागते. म्हणून नागपूरचं स्वस्त भाडं मला पदवीनंतरच्या पहिल्या शहरासाठी फसवं वाटतं. कोलकात्याचंही तसंच.

शहर ठरलं, खोली मिळाली, की करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. इतर राज्यांत अकरा महिन्यांचे करार होतात, कारण १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. १९९९च्या कायद्याच्या कलम ५५प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, अकरा महिन्यांचा असला तरी, लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल तीच अट खरी धरली जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘कशाला खर्च करता, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो’ म्हणणाऱ्या मालकाला हे कलम बहुधा माहीत नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे लॉक-इन. पुष्कळ करारांत सहा महिन्यांच्या आत घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापायची अट असते, आणि कंपनीचा प्रोबेशनचा काळही बहुतेक वेळा सहाच महिन्यांचा असतो. लॉक-इन तीन महिन्यांवर आणून घ्या. मालक ऐकत नसेल तर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मालकाला विचारा.